पट्टी उघडून बघणारा डॉक्टर

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
रविवार, ता. ४ डिसेंबर १९७७

चि. दाक्षायणीस,

काकाचा आशीर्वाद, आणि डॉक्टरीणबाई झाल्याबद्दल अर्धा सलाम. उरलेला अर्धा इंटर्नशिप संपली की मारीन.

इकडे सगळे खुशाल. तुझ्या पार्वतम्मा काकूचा गुडघा कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा ती माझ्यावर जास्त कुरकुरते. शेंगाचटणीचा डबा मिरजेला येणाऱ्या एका माणसाबरोबर पाठवला आहे. डबा परत पाठव, नाहीतर माझी खैर नाही.

आता तुझं काम. तू लिहिलंस, "काका, फेब्रुवारीपासून सहा महिन्यांचा हाऊस जॉब घ्यायचा आहे. मला सर्जरीच करायची आहे. अपघाताच्या केसेस हाऊसमनला स्वतःच्या हातानं करायला मिळतात असं हॉस्पिटल शोधून द्या. मोठ्या डॉक्टरांना विचारलं तर ते इमारतीचं कौतुक सांगतात." शाबास! एकवीस वर्षं पट्ट्या बांधणारा ड्रेसर आहे मी, पण आजवर मला असला सल्ला कुणी विचारला नव्हता. काकूला पत्र दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढं फुगू नका, सदऱ्याची बटणं तुटतील."

तर महिनाभर सुट्टीच्या दिवशी यष्टीनं हिंडलो. माझी बघायची एक रीत आहे, ती तुला सांगून ठेवतो. प्लास्टरच्या पट्ट्या आम्ही हातानंच करतो. जाळीच्या कापडावर पांढरी पूड चोळायची, गुंडाळायची, डब्यात भरायची. ती पट्टी भिजवून मोडक्या हातापायाला लावताना कितीही जपलं तरी बुटावर थेंब पडतोच, आणि वाळला की खरवडून निघत नाही. म्हणून मी हॉस्पिटलात शिरलो की पाटी वाचत नाही, बूट बघतो. हाऊसमनचे बूट पांढरे, तर पोरगं शिकतंय. वॉर्डबॉयचे बूट पांढरे आणि हाऊसमनचे चकचकीत, तर समज की पोरगं वही धरून उभं असतं.

कुर्डुवाडीला गेलो. रेल्वेच्या दवाखान्यात रामहरी म्हणून माझा जुना दोस्त ड्रेसर आहे. डबे जोडताना चेंगरलेली बोटं, वर्कशॉपात पत्र्यानं कापलेले तळवे, असं काम येतं आणि डॉक्टर मन लावून करतात. पण हाऊसमनची जागाच नाही. रामहरी म्हणाला, "तुजी पुतनी हितं आली आसती तर मी तिला लई शिकवलं आसतं की." मी म्हटलं, तू आधी स्वतः शिक.

उजनीला धरणाच्या कामावर गेलो. दगड फोडताना उडालेले तुकडे, वरून पडलेली माणसं. तिथे एकच कंपाउंडर, आणि तो एवढा हुशार की मी त्याच्याकडून खांदा निखळलेल्या माणसाचा हात झोळीत घालायची नवी तऱ्हा शिकून आलो. पण जड केस झाली की जीपमध्ये घालून सोलापूरला.

माळशिरसकडे एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात गेलो. उसाचा हंगाम चालू आहे. चरकात गेलेला हात मी तिथे बघितला. एकटा डॉक्टर, उजव्या हातानं टाके घालतोय आणि बायको त्याच्या तोंडात भाकरीचा घास घालतीय. देवमाणूस! पण त्याला मदतनीस ठेवायची मंजुरी नाही.

मग एका मोठ्या शहरात एका ट्रस्टचं हॉस्पिटल बघितलं. नाव लिहीत नाही. फरशी अशी की भांग पाडून घ्यावा. हाऊसमनचे बूट विचारूच नकोस, तोंड दिसत होतं त्यात.

तेव्हा माझं मत असं की तू आपली मिरजेलाच राहावंस. हवा चांगली, ओळखीची माणसं. सोलापूरचं काय लिहायचं, तुला ठाऊकच आहे.

तुझ्या अप्पा-अव्वांना, म्हणजे आमच्या अण्णांना आणि शांतम्मा वहिनींना, मी पुढच्या आठवड्यात गावी जाऊन भेटणार आहे. थंडीत गळ्याला गुंडाळत जा.

तुझा काका,
सिद्धाराम


सोलापूर,
रविवार, ता. १८ डिसेंबर १९७७

चि. दाक्षायणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. डबा मिळाला नाही.

पोरी, तू वकील व्हायची चुकून डॉक्टर झालीस बघ. "काका, कुर्डुवाडी, उजनी, माळशिरस सगळं हिंडलात. तुम्ही स्वतः जिथे एकवीस वर्षं काम करता त्या नाक्यावरच्या हॉस्पिटलबद्दल एक ओळ नाही?" असं तू विचारतेस. वर लिहितेस की तुमच्या मिरजेचे दोन रजिस्ट्रार म्हणाले, अपघाताचं काम शिकायचं तर घाटगे सर्जनांच्या हाताखाली. आणि मग खाली बारीक अक्षरात, "अप्पांचा पाय घालवणारा तो हाच डॉक्टर ना?"

हो. तेच. डॉ. मानसिंग घाटगे.

मला वाटलं नव्हतं तू हे पत्रात विचारशील. अठ्ठावन्न साली तू चार वर्षांची होतीस. अण्णांना घेऊन आम्ही परत गावी आलो तेव्हा तू विचारलं होतंस की अप्पांचा दुसरा पाय गाडीत राहिला का. तेव्हापासून तुझ्या घरात त्या डॉक्टरचं नाव कसं घेतात ते मला माहीत आहे. वहिनी अजून बोटं मोडतात.

आमच्याकडे तुझी सोय होणार नाही. एक तर बायकांसाठी क्वार्टर नाही. दुसरं, नाक्यावर ट्रकवाल्यांची वस्ती. तिसरं, काम फार. जेवायची शुद्ध राहत नाही. हाऊसमन पोरं सहा महिन्यांत अशी वाळतात की त्यांच्या आया ओळखत नाहीत.

आता काम फार म्हणजे काय, ते सांगतो. गेल्या मंगळवारी सकाळी ऊसतोडीच्या माणसांचा ट्रक वळणावर कलंडला. सतरा माणसं एकदम आली. पोर्च भरला, आरडाओरडा, धावाधाव. घाटगे साहेब दारात उभे. पळत नाहीत ते. मी वीस वर्षांत त्यांना पळताना बघितलं नाही. म्हणाले, "ओरडतोय त्याला थोडं थांबवा. गप्प पडलाय त्याला आधी आणा." आणि खरंच, कोपऱ्यात एक बाप्या शहाण्यासारखा गप्प बसला होता, कुणी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. त्याच्या पोटात रक्त साठलं होतं. वाचला. काल पेज मागितली त्यानं.

त्याच्या ऑपरेशनचं टेबल कुणी चालवलं असेल? साहेबांनी नाही! दुसऱ्या सहामाहीचा हाऊसमन, मिसरूड फुटलेलं पोरगं. साहेब त्याच्यामागे दोन्ही हात पाठीशी बांधून उभे. पोरगं चुकायला लागलं की नुसते खाकरतात. दोनदा खाकरले की पोरगं थांबतं, विचार करतं. त्यांनी हात पुढं केला तर समजायचं, आता खरोखर जिवाशी आलं. एवढा मोठा सर्जन, पण स्वतःचे हात आवरून धरायचे, म्हणजे दुसऱ्याचे हात तयार होतील. मला नाही जमणार ते. मी तर नव्या पोरानं गाठ वाकडी मारली की हिसकावून घेतो.

त्याच गर्दीत ईरम्मा म्हणून एक म्हातारी होती. तिच्या मनगटाला वाटेत कुणीतरी झकास पट्टी बांधून दिली होती. हाऊसमन म्हणाला, "सर, हिची पट्टी एका डॉक्टरांनीच बांधलीय, व्यवस्थित आहे, राहू देऊ का?" साहेब म्हणाले, "कुणी बांधलीय ते मला सांगू नका. खाली काय आहे ते सांगा." उघडली तर आत बांगडीच्या काचेचे तीन तुकडे. हा आमच्याकडचा कायदाच आहे. बाहेरून आलेली पट्टी, मग ती गावच्या सुईणीनं बांधलेली असो की विलायतेहून आलेल्या सर्जननं, हाऊसमननं स्वतःच्या हातानं उघडून बघायची. म्हातारी साहेबांना म्हणाली, "माज्या बांगड्या भरून दे आता." साहेबांनी सिस्टरना सांगून दुसऱ्या दिवशी कासारीण आणवली वॉर्डात. खोटं नाही सांगत, विचार कुणालाही.

बूट विचारशील. आमच्या हाऊसमनचे बूट घोट्यापर्यंत पांढरे. साहेबांचेही.

बघ, कुठल्या कुठे वाहत गेलो. थोडक्यात काय, हॉस्पिटल चांगलं आहे, पण तू येऊ नकोस. मी सांगतोय ना. काही गोष्टी थोरांचं ऐकून सोडून द्याव्यात. कारण विचारू नकोस.

अर्जाची शेवटची तारीख पंधरा जानेवारी आहे, हे उगाच आपलं माहितीसाठी लिहिलं.

तुझा काका,
सिद्धाराम


सोलापूर,
रविवार, ता. १ जानेवारी १९७८

दाक्षायणी,

तुझं चार ओळींचं पत्र खिशात घेऊन आठ दिवस हिंडतोय. "काका, तुमचं बरोबर आहे. तुम्ही लिहिलेलं वाचून क्षणभर वाटलं होतं की यावं. पण ज्यानं अप्पांचा पाय घालवला त्याच्या हाताखाली मी उभी राहणार नाही. त्यापेक्षा अव्वा म्हणते तसं बाळंतपणाच्या विभागात नाव देते. सर्जरीचा नाद सोडला."

बाळंतपणाचं काम काही हलकं नव्हे. पण तुला ते करायचं नाही, हे तूही जाणतेस, मीही. मेलेल्या बेडकाला टाके घालायला माझ्याकडून सुई मागून नेणारी पोर तू. तू तो नाद सोडतीयेस एका खोट्यापायी, आणि ते खोटं माझं आहे. आता गप्प बसलो तर मला माणूस म्हणू नये कुणी.

सगळं सरळ लिहितो. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

अठ्ठावन्नचा फेब्रुवारी. मी ड्रेसर होऊन दोन वर्षं झाली होती, आणि गावात मी म्हणजे जणू सिव्हिल सर्जन. सुट्टीवर आलो होतो. दगडानं भरलेली बैलगाडी उतारावर कलंडली आणि तिच्या चाकाच्या लोखंडी धावेची कड अण्णांच्या पोटरीवरून गेली. रक्त असं की बघणारे मागे सरले. मी धावलो. उपरणं गुडघ्याच्या वर बांधलं, त्यात काठी घालून पिळलं, रक्त थांबलं. ह्याला आम्ही आवळपट्टी म्हणतो, तुमच्या पुस्तकात टुर्निके असेल. इथवर माझं काही चुकलं नाही. अण्णांचा जीव त्यानंच वाचला.

पुढं ऐक. वहिनी किंचाळत होत्या, म्हणून मी ती आवळपट्टी आणि जखम, सगळं धुतलेल्या धोतराच्या पट्ट्यांनी झाकून टाकलं. आणि कसं झाकलं! वेढ्यावर वेढा, एक सुरकुती नाही, परीक्षेला बांधतात तशी. गावचा पाटील म्हणाला, "सिद्धारामा, हात हाय का सोनं!" पोरी, मला बरं वाटलं. माझ्या भावाचा पाय फुटला होता आणि मला बरं वाटलं.

ट्रक मिळाला. वाटेत पंक्चर. सोलापूरला पोचायला दोन तास लागले. आवळपट्टी मध्ये मध्ये ढिली करायची असते, हे मला शिकवलं होतं. धोतराची सुंदर बांधणी सोडावी लागली असती, रक्त पुन्हा उडालं असतं, ट्रकमधली माणसं काय म्हणाली असती. पोचल्यावर करू, असं म्हणत राहिलो.

पोचलो तर एका गोदामाचं छप्पर कोसळलं होतं, पंचवीसेक माणसं पोर्चमध्ये पडलेली. दारात नवा हाऊसमन, महिना झाला नव्हता त्याला लागून. त्यानं अण्णांच्या पायाला हात घातला, पट्टीचं टोक शोधायला लागला. मी म्हटलं, "साहेब, मी इथलाच ड्रेसर आहे. मी बांधलीय. रक्त थांबलंय, उघडू नका, पुन्हा वाहील." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." आणि आत आवळपट्टी आहे हे सांगितलं नाही. लपवलं असं नाही. माझ्या ते तोंडातच आलं नाही. तेवढ्यात सिस्टरनी हाक मारली आणि मी अंगातला सदरा न बदलता ट्रे घेऊन छपराखालच्या माणसांना बांधायला लागलो.

तीन तासांनी एका पोराच्या दंडाला आवळपट्टी बांधून मी काठी पिळली. तेव्हा आठवलं. धावत गेलो. धोतर फाडलं. बोटं काळी पडली होती आणि पाय हाताला गार लागला.

तो हाऊसमन म्हणजे घाटगे साहेब.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं. "पट्टी का उघडली नाही?" घाटगे म्हणाले, "मी उघडायला हवी होती, सर." "कुणी उघडू नका म्हणून सांगितलं होतं?" मी तिथेच होतो, ट्रे धरून, चार हातांवर. घाटगे म्हणाले, "कुणी नाही." त्यांची सहामाही फुकट गेली, पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. माझ्या केसालाही धक्का लागला नाही. आणि व्हरांड्यात वहिनींनी विचारलं, "भावजी, असं कसं हो झालं?" तेव्हा मी म्हणालो, "नव्या डॉक्टरनं वेळेवर बघितलं नाही." एवढंच एक वाक्य. त्यावर तुझं अख्खं घर वीस वर्षं त्या माणसाला शिव्या देत आलं.

आता तुला मिरजेला का धाडलं, सोलापूर का टाळलं, ते सांगतो. आमच्याकडे दर फेब्रुवारीच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेला नवे हाऊसमन येतात. घाटगे साहेब त्यांना रांगेत उभं करतात आणि भाषणबिषण काही न करता एक गोष्ट सांगतात. "मी एकदा पट्टी उघडली नाही, आणि एका शेतकऱ्याचा पाय गेला. त्याचं नाव शिवलिंगप्पा. फेब्रुवारी अठ्ठावन्न." बस, एवढंच. मग कामाला लावतात. पट्टी कुणी बांधली होती हे ते कधीच सांगत नाहीत. मी शेजारी ट्रे धरून उभा असतो. साल दर साल दोनदा. तू त्या रांगेत उभी राहिलीस तर बापाचं नाव ऐकशील आणि त्या माणसाकडे बघशील, आणि मग माझ्याकडे बघशील, ह्याचंच मला भय वाटत होतं.

हा माणूस मला वीस वर्षांत एकदाही टोचून बोललेला नाही. उलट नव्या पोरांना सांगतात, "बांधायचं सिद्धारामांकडून शिका. त्यांच्यासारखा हात नाही." खरंच तसं वाटतं त्यांना. मला ते ऐकवत नाही.

गुरुवारी मी गावी गेलो. तुला लिहायच्या आधी अण्णांना सांगायला हवं होतं. जेवण झाल्यावर सांगितलं. तुझे अप्पा जेवताना कानडी बोलतात आणि राग आला की मराठीत येतात, हे तुला ठाऊक आहे. त्यांनी काठी जवळ ओढली. मला वाटलं आता काठी उगारतील. उगारली असती तर बरं झालं असतं. मग मराठीत आले.

"पाय गेला त्यो गेला, सिद्ध्या. त्यो आता उगवनार हाय व्हय? पर वीस वर्सं मी त्या मान्साला नावं ठेवली. सकाळी काठी हातात घेतली की पयली शिवी त्येला. पोरीला तेच शिकवलं. ते कोन भरून देनार? तू?"

वहिनी चुलीपाशी होत्या, त्यांनी ऐकलं होतं. माझं ताट उचलून ठेवलं आणि आत गेल्या. त्या माझ्याशी अजून बोललेल्या नाहीत. बोलतील असं मी धरून चालत नाही.

शुक्रवारी पहाटेच्या यष्टीनं अण्णा माझ्याबरोबर सोलापूरला आले. वाटेत त्यांचे ओठ हलत होते. काय बोलायचं ते घोकत असावेत. पोर्चमध्ये साहेब होते. अण्णांनी हात जोडले, "शरणु, साहेब," म्हणाले, आणि पुढचं सगळं विसरले.

साहेबांनी बघितलं, ओळखलं. पायरीवर अण्णांना बसवलं, आपण खाली उकिडवे बसले आणि म्हणाले, "लाकडी पाय काढा. बुंधा बघू." अगं, नमस्कार नाही, चमत्कार नाही! पाय काढला. आत घासून घासून जखम झालेली. "किती दिवस?" "सा वर्सं." "आला का नाहीत?" अण्णांना रडू आलं. म्हणाले, "तुमच्याकडं कशाला येऊ? मी तर तुमाला लई शिव्या दिल्या हो."

"द्यायलाच हव्या होत्या. पट्टी मी उघडली नाही."

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्येनं सांगितलं हुतं, उघडू नका म्हनून. काल कळलं मला."

साहेब म्हणाले, "तो सांगणारच. त्याचा भाऊ होतात तुम्ही. ऐकायचं का नाही, ते माझं काम होतं."

मला म्हणाले, "सिद्धाराम, ट्रे आणा. बांधा." वीस वर्षांनी मी अण्णांच्या त्याच पायाला पट्टी बांधली. बांधलीही चांगली. साहेबांनी ती उघडली, खाली बघितलं, आणि म्हणाले, "ठीक आहे. पुन्हा बांधा." अण्णा रडता रडता हसायला लागले. मीही.

नवीन लाकडी पायाचं माप घेतलं आहे. अण्णा वॉर्डात आहेत, काकू डबा नेते, आणि ते अख्ख्या वॉर्डाला सांगतात की माझी लेक डॉक्टर हाय.

मी साहेबांना तुझं विचारलं. बाई चालतील का, म्हटलं, क्वार्टर नाही. म्हणाले, "पट्टी उघडायला मिशी लागते का? सिस्टर रत्नम्मांच्या शेजारची खोली रिकामी करून घेऊ. अर्ज वेळेत आला पाहिजे." तू कुणाची मुलगी ते मी सांगितलं. साहेब म्हणाले, "तिला यावंसं वाटलं तरच. मी रांगेत गोष्ट सांगताना नाव गाळणार नाही, हे तिला आधी कळवा." म्हणून कळवतोय.

ह्या फेब्रुवारीच्या एक तारखेला साहेब गोष्ट सांगतील तेव्हा मी ट्रे खाली ठेवून एक पाऊल पुढं येणार आहे आणि पट्टी कुणी बांधली होती ते सांगणार आहे. साहेबांना विचारलेलं नाही, विचारलं तर ते नको म्हणतील. रांगेत तू असलीस तर तुझ्यासमोर सांगेन. नसलीस तर दुसऱ्यांच्या लेकरांसमोर सांगेन. आयुष्यात मी फार थोड्या माणसांचं मनापासून कौतुक केलं, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं कौतुक मी स्वतःच्या भावाच्या घरात करू शकलो नाही. तुझ्यापुढं तरी ते आज केलं.

अर्जाचा फॉर्म सोबत आहे. माझ्यावर राग धर, जन्मभर धर, घरात माझं नावही नको म्हण, ते सगळं मला लागू आहे. पण फॉर्म भर. तुला शिकवायला त्या माणसासारखा माणूस मिळणं आणि तू माझ्या पापापायी ते सोडणं, हे दुसरा पाय घालवण्यासारखं होईल.

उत्तरात वर काय लिहायचं, ते तुझ्यावर. "काका" लिहायला हात धजला नाही तर काही लिहू नकोस. नुसता फॉर्म पाठव. पंधरा तारखेच्या आत.

तुझ्या अप्पांची पट्टी बांधणारा,
सिद्धाराम